रोजचा शंभर किलोमीटरचा रस्ता आणि आपली गाडी

फजरची नमाज आटोपून मलकापूर, खामगाव, चिखली किंवा मेहकरच्या नाक्यावर थोडा वेळ उभे राहावे, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा किरकोळ व्यापार कोणत्या चाकांवर चालतो ते दिसते. कापडाचे गाठोडे मागे बांधलेला फेरीवाला, दोन्ही बाजूंना बांगड्यांच्या पेट्या लावलेला मणियार, पिंजणाचे सामान घेतलेला मन्सूरी, वेल्डिंगचे मशीन डिक्कीत कोंबलेला कारागीर. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. जाऊन-येऊन ऐंशी ते शंभर किलोमीटर होतात, आणि महिन्यात सुट्टीचे दिवस मोजून चार. एके काळी अशा माणसाच्या हाती राजदूत किंवा बजाजची एम-८० असे. आता शोरूममध्ये गेले की पंचवीस गाड्या समोर उभ्या असतात आणि विक्रेता प्रत्येकीला उत्तम म्हणतो. म्हणून हा लेख.

गाडीचा विचार आपण बहुधा किमतीपासून सुरू करतो. रोजच्या लांबच्या प्रवासात तो किलोमीटरपासून सुरू करायला हवा. दिवसाला १०० कि.मी. आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर २,६०० कि.मी. होतात, वर्षाला ३१,२०० कि.मी. गावातल्या गावात फिरणाऱ्या दुकानदाराची मोटारसायकल जेवढी दहा वर्षांत चालते, तेवढी आपली तीन वर्षांत चालते. पाच वर्षांत ती दीड लाखाच्या पुढे गेलेली असते. मोटारसायकलचे ऑईल सर्वसाधारणपणे तीन हजार किलोमीटरला बदलायचे असते, म्हणजे आपल्याला ते जवळजवळ दर महिन्याला बदलावे लागणार. टायर आणि चेनसेटचा खर्चही इतरांना दोन-तीन वर्षांनी येतो, तो आपल्याला वर्षभरात येतो. म्हणून ज्या गाडीचा सुटा भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही, जिचा मिस्त्री अकोल्यात किंवा छत्रपती संभाजीनगरलाच आहे, ती गाडी कितीही देखणी असली तरी फेरीवाल्याच्या कामाची नाही. गाडी दोन दिवस उभी राहिली तर दोन बाजार गेले.

पेट्रोलचा हिशेबही महिन्याचा करावा. लिटरला १०५ रुपये धरू. १०० सी.सी.ची गाडी ओझ्यासह ६० चा ॲव्हरेज देत असेल तर महिन्याला सुमारे ४,५५० रुपये लागतात. १२५ सी.सी. गाडी ५५ देत असेल तर सुमारे ४,९६० रुपये. स्कूटर ४५ देईल, तिला ६,००० च्या वर. साडेतीनशे सी.सी.ची बुलेट जातीची गाडी ३३ चा ॲव्हरेज देईल असे धरले, तर ८,२०० च्या पुढे. आणि १८ च्या ॲव्हरेजने एकट्याने पेट्रोल कार चालवली तर पंधरा हजार. कंपनी जाहिरातीत सांगते तो ॲव्हरेज या हिशेबात घेऊ नये. तो मोकळ्या गाडीचा असतो. आपली गाडी मोकळी कधीच नसते. शिवाय आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आहे. त्याने ॲव्हरेज थोडा कमीच होतो, आणि जुन्या गाडीतले रबरी पाईप व वॉशर अधूनमधून तपासून घ्यावे लागतात.

रस्ता कोणता, त्यावर गाडी

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत हे शाळेतच शिकवतात. उत्तरेला पूर्णेचे सपाट खोरे आणि दक्षिणेला पठार. मलकापूर, नांदुरा, खामगाव हा जुना क्रमांक ६ चा, आता ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सरळ आणि सपाट आहे. पण मलकापूरहून मोताळामार्गे बुलढाण्याला निघाले की राजूर घाट लागतो, आणि खामगावहून बुलढाण्याला निघाले की बोथ्याचा घाट. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० फुटांवर आहे; मलकापूर हजार फुटांच्याही खाली. म्हणजे रोज सकाळी माल घेऊन बाराशे फूट चढायचे आणि संध्याकाळी तेवढेच उतरायचे. चिखली, मेहकर, लोणारकडचा रस्ता पठारावरून जातो, चढउतार सौम्य आहेत. पण पावसाळ्यात डांबरी सोडून गावरस्त्याला लागले की काळ्या मातीचा चिखल चाकाच्या मडगार्डमध्ये बसतो आणि गाडी जागच्या जागी थांबते.

समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजाकडून जातो. तो २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूला पूर्ण खुला झाला. पण त्यावर दुचाकी आणि तीनचाकीला परवानगीच नाही. तेव्हा त्याचा विचार चारचाकीवाल्यांनीच करावा.

सपाट महामार्गावर, एकट्या माणसाला, हलका माल असेल तर १०० सी.सी. गाडीला तोड नाही. स्प्लेंडर १९९४ साली आली आणि खेड्यापाड्यांतल्या प्रत्येक मिस्त्रीला तिचे इंजिन तोंडपाठ झाले, यातच सर्व आले. प्लॅटिना किंवा शाईनची १०० सी.सी. गाडीही याच वर्गातली. पण घाटाचा रोजचा रस्ता असेल तर आमचे मत १२५ सी.सी.कडे झुकते. पन्नास-साठ किलोचे गाठोडे मागे असताना १०० सी.सी. गाडी राजूर घाटात दुसऱ्या गिअरवर रडत चढते, क्लच अर्धा दाबून चालवावा लागतो, आणि क्लच प्लेट लवकर जातात. मागून ट्रक हॉर्न देत असतो आणि पुढे सरकायला दम नसतो. १२५ ची गाडी तोच चढ तिसऱ्यावर शांतपणे काढते. वरच्या हिशेबाप्रमाणे महिन्याचा फरक चारशे रुपयांचा आहे, आणि क्लच वाचला तर तोही बराचसा भरून निघतो.

उताराची गोष्ट चढापेक्षा महत्त्वाची. आपल्याकडे अनेक जण पेट्रोल वाचवण्यासाठी घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडतात. वीस-तीस रुपयांसाठी जिवाशी खेळ आहे हा. ओझे असताना ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो आणि नेमक्या वळणावर धरेनासा होतो. ज्या गिअरवर चढतो त्याच गिअरवर उतरावे, इंजिन गाडीला मागे धरून ठेवते. स्कूटरमध्ये हा आधार फार थोडा मिळतो. म्हणून गावात आणि सपाटीवर स्कूटर सोयीची असली, पाय ठेवण्याच्या जागेत पेटी बसत असली, तरी ओझ्यासह रोज घाट उतरणाऱ्याने ती घेऊ नये असे आम्हाला वाटते. तिची चाके लहान असतात, खड्ड्यात जास्त आपटतात, हेही आहेच. नव्या गाड्यांत २०१९ पासून १२५ सी.सी.पर्यंत दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची आणि त्यावरील गाड्यांत चाक अडकू न देणारी एबीएस व्यवस्था सक्तीची झाली. जुनी गाडी घेणाऱ्याने ती २०१९ च्या आधीची की नंतरची हे यासाठीही पाहावे. पुढे डिस्क ब्रेक मिळत असेल तर त्याचे जास्तीचे पैसे जरूर द्यावेत.

टीव्हीएसची एक्सएल ही मोपेड अनेकांना गरिबाची गाडी वाटते. पण दहा-पंधरा किलोमीटरच्या फेरीत, खाली-वर दोन्हीकडे माल बांधून, भाजीवाल्या बागवान बंधूंना तिच्याइतकी उपयोगी गाडी दुसरी नाही. शंभर किलोमीटरच्या रस्त्याची मात्र ती नाही. तिची टाकी लहान, वेग कमी, आणि महामार्गावर ट्रकच्या वाऱ्याने हलते.

मन रमणे हीसुद्धा गरज आहे

आता एका नाजूक विषयाकडे येतो. कामाची गाडी घेताना ती आवडलीही पाहिजे, असे म्हटले की घरातली वडील माणसे म्हणतात, हा नुसता शौक आहे. शौकाच्या नावाखाली पैसा उधळू नये हे खरेच. पण सूरह नहलमध्ये घोडे, खेचरे आणि गाढवे यांचा उल्लेख सवारीसाठी आणि शोभेसाठी असा जोडीनेच आला आहे, आणि चांगली सवारी ही माणसाच्या सुखाच्या गोष्टींपैकी एक असल्याची हदीसही प्रसिद्ध आहे. जो माणूस दिवसाचे तीन तास गाडीवर असतो, त्याच्यासाठी सीट, हँडल आणि शॉकअप ही चैन नाही. कंबर धरली की तो बाजार चुकवू लागतो. गाडीचा कंटाळा आला की ती धुत नाही, ऑईल वेळेवर बदलत नाही, आणि गाडी लवकर बसते. बोथ्याच्या जंगलातून, ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेने, श्रावणातल्या सकाळी गाडी चालवताना मनाला जी टवटवी येते ती बाजारात दिवसभर उभे राहायला कामी येते. ती ज्याला येत नाही, त्याची गाडी तरी चुकली आहे किंवा बसण्याची पद्धत तरी.

पण आवड आणि दिखावा यांतला फरक ओळखावा. पाहावे ते एवढेच, की सीट लांब आणि सपाट आहे का, हँडल धरताना खांदे ओढले जातात का, ५५-६०च्या वेगाला इंजिन थरथरते का, पाय जमिनीला नीट टेकतात का. साडेतीनशे सी.सी.च्या गाडीवर बसायला मजा येते, यात वाद नाही. पण ती १८० किलोच्या घरात जाते. चिखलात माल बांधलेली अशी गाडी आडवी झाली तर एकट्याने उचलून दाखवावी. शिवाय महिन्याला साडेतीन हजारांचे जादा पेट्रोल. तरुण मुलांनी बापाच्या पैशावर ही गाडी मागण्याआधी वरचा हिशेब त्याच्यासमोर बसून करावा.

गॅस आणि वीज

बजाजने ५ जुलै २०२४ रोजी फ्रीडम १२५ ही सीएनजीवर चालणारी मोटारसायकल आणली. जगातली अशी ती पहिली. तिच्यात दोन किलो गॅस आणि दोन लिटर पेट्रोल मावते. कंपनी किलोला शंभराच्या वर ॲव्हरेज सांगते. आपण ८५ धरला आणि गॅस ९५ रुपये किलो धरला, तरी आपला महिना तीन हजारांच्या आत निघतो. पेट्रोलच्या १०० सी.सी. गाडीपेक्षा दीड हजारांची बचत झाली. सीटही लांब आहे, ओझ्याला चांगली. पण गाडी दीडशे किलोच्या आसपास जाते, आणि सगळे गणित पंपावर अवलंबून आहे. आपल्या रोजच्या रस्त्यावर गॅसचा पंप आहे का, तिथे सकाळी रिक्षांची रांग किती असते, हे आठ दिवस स्वतः पाहावे. दोन किलोची टाकी म्हणजे दर दीड-दोन दिवसांनी रांगेत उभे राहणे आले. बाजार गाठायच्या घाईत अर्धा तास रांगेत गेला तर बचत कुठे राहिली?

विजेच्या स्कूटरचा चालवण्याचा खर्च सर्वांत कमी. शंभर किलोमीटरला साधारण तीन-साडेतीन युनिट धरले, तर महिन्याला हजाराच्या आसपास बिल येते. ज्याचे दुकान एका ठिकाणी पक्के आहे, म्हणजे चिखलीत राहतो आणि बुलढाण्यात दुकान आहे, जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरच्या आत, त्याने ती जरूर पाहावी. दुकानात दिवसभर लावून ठेवता येते. पण बाजार फिरणाऱ्याला चार्जिंग कोण देणार? घाट, ओझे आणि उन्हाळ्यातली लाही या तिन्हींनी बॅटरी कंपनीच्या आकड्यापेक्षा लवकर उतरते. शंभर किलोमीटरसाठी शंभराचीच गाडी घेऊ नये. कागदावर दीडशे तरी हवी. बॅटरीची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, दोन्ही लिहून घ्यावे. आपण किलोमीटरची मर्यादा वर्षांच्या आधी ओलांडतो.

चारचाकी केव्हा?

माल दीडशे किलोच्या वर गेला, किंवा एकाच बाजाराला दोन-तीन भागीदार जाऊ लागले, की मोटारसायकलवर ताण देण्यात अर्थ नाही. तिघांनी मिळून जुनी इको गॅसवर चालवली तर प्रत्येकाच्या वाट्याला दुचाकीइतकाच खर्च येतो आणि पावसात माल कोरडा राहतो. भागीदारीत मात्र गाडी कोणाच्या नावावर, दुरुस्ती कोणी करायची, कोणी बाहेर पडला तर त्याचा हिस्सा कसा द्यायचा, हे आधी कागदावर लिहावे आणि दोन साक्षीदार घ्यावेत. गोड नात्यांत कडवटपणा येतो तो इथूनच. माल वाहण्यासाठी टाटा एससारखी गाडी, म्हणजे आपला छोटा हत्ती, घ्यायची असेल तर एक चांगली बातमी आहे. कारचे लायसन्स असलेल्या माणसाला साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. गाडीची नोंदणी, फिटनेस हे मालवाहू म्हणूनच करावे लागते.

ज्यांचा माल एका पिशवीत मावतो, म्हणजे चांदीचे काम करणारे, घड्याळ दुरुस्त करणारे, त्यांनी गाडी घेण्याआधी एसटीच्या मासिक पासचा हिशेब करून पाहावा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे. शिवणकाम, भरतकामाचा माल घेऊन जाणाऱ्या भगिनींना याचा मोठा आधार झाला आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला हा रेल्वेचा मार्ग आहे, तिथे रेल्वेचा पास कोणत्याही गाडीपेक्षा स्वस्त पडतो.

पैसा कुठून आणायचा

शोरूमवाला किंमत सांगत नाही, हप्ता सांगतो. ८०,००० चे कर्ज, ११ टक्के 'फ्लॅट' दर, तीन वर्षे. ऐकायला सोपे वाटते. हिशेब करा. वर्षाला ८,८०० प्रमाणे २६,४०० व्याज. महिन्याला सुमारे २,९५६ रुपये. आता गंमत अशी की मूळ रक्कम दर महिन्याला कमी होत जाते, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण ८०,००० वर घेतले जाते. खरा दर काढला तर तो १९ टक्क्यांच्या वर जातो. व्याज हराम आहे हे आपण जाणतोच. ज्यांना तो विचार नाही त्यांनीही निव्वळ व्यापारी म्हणून हा आकडा पाहावा.

दुसरे मार्ग आहेत. आपल्या मोहल्ल्यात भिशी चालतेच. वीस जणांनी महिन्याला चार हजार टाकले तर दर महिन्याला एकाच्या हाती ८०,००० येतात. चिठ्ठीने नंबर काढणारी साधी भिशी असावी. बोली लावून, पंधरा हजार कमी घेऊन आधी उचलायची भिशी म्हणजे व्याजालाच दिलेले दुसरे नाव, आणि गरजू माणूसच तिच्यात कापला जातो. काही ठिकाणी बिनव्याजी पतसंस्था आहेत. काही विक्रेते मूळ किंमत आणि आपला नफा उघड सांगून ठरलेल्या एकाच किमतीला हप्त्याने माल देतात. हा मुराबहाचा व्यवहार आहे, पण उशीर झाल्यास रक्कम वाढणार नाही हे कागदावर असले तरच. उलेमांना कागद दाखवून मगच सही करावी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकी आणि लहान कारवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे नव्या गाड्या बऱ्याच स्वस्त झाल्या. जुनी गाडी विकणारा अजून २०२४ ची किंमत धरून बसला असेल तर त्याला ही तारीख सांगावी. जुनी गाडी घेताना आरसी बुकवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवावा, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद पाहावी, आणि मालकी आपल्या नावावर होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबरप्लेट लावलेली आहे का तेही बघावे. गाडी थंड असताना चालू करून पाहावी. आधीच गरम करून ठेवली असेल तर समजून जावे.

विम्याबाबत उलेमांत मतभेद आहेत, पण थर्ड पार्टी विमा कायद्याने बंधनकारक आहे आणि तो नसला तर पहिल्याच वेळी २,००० रुपये दंड आहे. थर्ड पार्टी विमा समोरच्याला भरपाई देतो, आपल्या घरच्यांना नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा वेगळा असतो. एजंट स्वस्त दाखवायला तो वगळतो. पॉलिसी हातात आली की ती ओळ शोधावी.

संध्याकाळचा रस्ता

अपघात सकाळी कमी, संध्याकाळी जास्त होतात असा आपला सर्वांचा अनुभव आहे. रमजानमध्ये इफ्तार घरी गाठण्याच्या घाईत तर विशेष. दिवसभराचा उपवास, डोळ्यांवर मावळतीचे ऊन, आणि पोहोचायचे म्हणून वाढवलेला वेग. खजूर आणि पाण्याची बाटली डिक्कीत ठेवावी, वेळ झाली की रस्त्याकडेला थांबून रोजा सोडावा आणि मग सावकाश निघावे. हिवाळ्यात कपाशीच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या खामगावच्या रस्त्याला लागतात. तिन्हीसांजेला शेतातून रोही अचानक आडवा येतो. म्हणून गाडी निवडताना तिचा दिवा अंधारात पाहावा. शोरूमच्या उजेडात सगळेच दिवे चांगले वाटतात. हेल्मेटखाली टोपी घालायची असेल तर पातळ सुती घालावी, जाड टोपीने हेल्मेट सैल बसते.

ओझे बांधताना ते सीटच्या मागे उंच न रचता दोन्ही बाजूंना सारखे आणि खाली बांधावे. मागच्या चाकाच्या पलीकडे वजन गेले की पुढचे चाक हलके होते, हँडल हातात राहत नाही. मागच्या टायरमध्ये दोन माणसांसाठी कंपनीने सांगितलेली हवा भरावी. १०० सी.सी. गाडीची वहनक्षमता दोन मध्यम बांध्याच्या माणसांपेक्षा फारशी जास्त नसते, हे लक्षात ठेवले की मागे किती किलो बांधायचे ते आपोआप ठरते.

आणि गाडी ठरवण्याआधी शोरूमच्या मोकळ्या मैदानात एक चक्कर मारून समाधान मानू नये. ओळखीच्या कोणाकडे तीच गाडी असेल तर एक दिवस मागून घ्यावी, टाकी स्वतःच्या पैशाने भरावी, आपले नेहमीचे गाठोडे मागे बांधावे आणि आपल्याच बाजाराला जाऊन यावे. घाट असेल तर घाटातून. संध्याकाळी घरी उतरल्यावर कंबर कशी आहे आणि टाकीत किती उरले, या दोन गोष्टी पाहून दुसऱ्या दिवशी शोरूमला जावे.